महिन्याच्या पगारावरचे तारे

१९३९ साली पुण्यात ‘प्रभात फिल्म कंपनी’च्या फाटकाशी एक बाई उपोषणाला बसली. उपोषण म्हटलं की तेव्हा लोकांना तुरुंग, खादी आणि गांधीजी आठवत. इथे बसली होती देशभर गाजलेली नटी, शांता आपटे. तिचं भांडण सरकारशी नव्हतं, स्वतःच्याच कंपनीशी होतं, आणि तेही करार आणि पगार यांवरून. दोनच वर्षांपूर्वी ‘कुंकू’च्या चित्रणासाठी ती याच फाटकातून रोज आत जात होती.

जुन्या नटनट्यांचा विषय निघाला की आपला सूर ठरलेला असतो. काय ते वैभव होतं आणि शेवटी काय ती अवस्था झाली! मग नियतीचे फेरे, मायानगरी वगैरे शब्द आपोआप येतात. मला हा सूर फारसा पटत नाही. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या आयुष्याचे चढउतार नियतीपेक्षा एका साध्या कागदावरून जास्त नीट कळतात. तो कागद म्हणजे करारपत्र. कुणी कुणाशी किती वर्षांसाठी बांधून घेतलं, कोणत्या अटींवर घेतलं, आणि मुदत संपल्यावर हातात काय राहिलं, एवढं पाहिलं तरी बरंच उलगडतं.

सकाळी हजेरी, महिनाअखेर पगार

आजचा नट एका चित्रपटाचे पैसे ठरवतो, काम करतो आणि पुढच्या चित्रपटाकडे वळतो. १९२० आणि १९३०च्या दशकांत बहुतेकांना हे शक्य नव्हतं. नट कंपनीचा असे. चित्रण असो वा नसो, त्यानं यायचं, तालीम करायची, गायचं असेल तर गाण्याचा रियाझ करायचा आणि महिना भरला की पगार घ्यायचा. सुतार, रंगारी, शिंपी, कॅमेरामन, संगीत दिग्दर्शक आणि नायिका अशी सगळी नावं एकाच पगारपत्रकावर असत.

ही पद्धत हॉलिवूडवरून उचलली, असं पुष्कळदा लिहिलं जातं. त्यात तथ्य असेल, पण आपल्याकडे तिचा नमुना आधीपासून घरातच होता. नाटक मंडळ्या अशाच चालत. नट मंडळीच्या बिऱ्हाडात राहायचा, तिच्याच पंगतीत जेवायचा, मालक सांगेल ती भूमिका करायचा. चांगला गाणारा पोरगा दिसला की दुसरी मंडळी त्याला फोडायची, मग रुसवेफुगवे, कधी कोर्टकचेरी. सिनेमा कंपन्या काढणारे आणि त्यांत काम करणारे पुष्कळजण याच वळणातून आलेले होते. ‘कंपनी’ हा शब्दसुद्धा ते तिथूनच घेऊन आले.

प्रभातची सुरुवात १ जून १९२९ला कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि पैसा उभा करणारे सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. १९३३मध्ये कंपनी पुण्यात आली. माळरानावर तिनं स्टुडिओ, प्रयोगशाळा, कपडेपट, रंगशाळा असं एक गावच वसवलं. आज प्रभात रस्त्यावरून स्कूटर दामटणाऱ्या किती पुणेकरांना हे नाव एका सिनेमा कंपनीचं आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे.

पगारी नटाचा फायदा उघड होता. चित्रपट पडला तरी चूल पेटत होती आणि शिकायला मिळत होतं. प्रभातमध्ये केशवराव भोळे किंवा मास्टर कृष्णराव यांच्यासारख्या माणसांसमोर बसून गाणं बसवून घेता येई. तोटाही तितकाच उघड होता. चित्रपट वर्षभर चालला तरी पगार तेवढाच. बाहेरून दुप्पट पैशांचं बोलावणं आलं तरी जाता येत नसे. भूमिका कोणती करायची, हेही कंपनी ठरवी.

बोलपट आला, आणि जीभ मध्ये आली

मूकपटांच्या काळात मराठी माणसाचा सगळ्यांत मोठा नायक होता मास्टर विठ्ठल. तलवारबाजी, घोडदौड आणि उंचावरून उड्या ही त्याची खासियत. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. त्याची सुरुवात कोल्हापूरला, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत झाली. पडद्यावर तो पहिल्यांदा दिसला तो चक्क नर्तकीच्या वेशात. पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीनं त्याला नायक केलं आणि त्याचे साहसपट धडाधड चालू लागले.

१९३०च्या सुमारास अर्देशीर इराणींनी हिंदुस्थानातला पहिला बोलपट ‘आलमआरा’ काढायला घेतला. नायक म्हणून त्यांना सर्वांत खपाऊ चेहरा हवा होता. विठ्ठल शारदा सोडून निघाला. शारदानं करारभंगाचा दावा लावला. कोर्टात विठ्ठलची बाजू मांडली बॅरिस्टर महंमद अली जिनांनी, आणि तो सुटला. पुढे ज्यांचं नाव साऱ्या उपखंडाच्या इतिहासात गेलं, ते जिना एका स्टंट नटाचं करारपत्र हातात घेऊन न्यायाधीशांसमोर उभे आहेत, हे चित्र मला फार आवडतं.

‘आलमआरा’चं चित्रण मुख्यतः रात्री चाले. स्टुडिओजवळून रेल्वे जात होती. दिवसा गाडीचा खडखडाट ध्वनिमुद्रणात घुसायचा. म्हणून गाड्या थांबल्या की मध्यरात्रीनंतर काम सुरू व्हायचं. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दडून बसायचे. मायक्रोफोन नटाजवळ लपवलेला असायचा आणि संवाद जागच्या जागी मुद्रित व्हायचा. नंतर दुरुस्ती नाही. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात चित्रपट लागला आणि तिकिटांसाठी झुंबड उडाली.

पण कोर्टात जिंकलेला विठ्ठल पडद्यावर मात्र हरला. उड्या मारणाऱ्या नायकाला आता उर्दू बोलायचं होतं, आणि त्याचे उच्चार मालकांना चालेनात. त्याच्या भूमिकेला संवाद कमी आले. बराच वेळ तो अर्धवट गुंगीतच दाखवला गेला. त्यानंतर हिंदीत तो कधीच पूर्वीसारखा तळपला नाही. मराठी चित्रपटांनी त्याला सामावून घेतलं. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये (१९३९) तो दिसला. नंतर लहानसहान भूमिका करत १९६९मध्ये गेला.

हाच फटका सुलोचनाला बसला. ही म्हणजे पुण्यात जन्मलेली ज्यू मुलगी, रूबी मायर्स. आधी टेलिफोन ऑपरेटर, मग इंपीरियल कंपनीची महाराणी. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा जास्त आहे, असं तेव्हा बोललं जाई. बोलपट आल्यावर तिनं काम थांबवून हिंदुस्थानी शिकून घेतली आणि आपलेच जुने गाजलेले मूकपट बोलके करून पुन्हा यश मिळवलं. काही वर्षं निभावलं. पुढे तिच्या वाट्याला दुय्यम भूमिकाच आल्या. १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला तेव्हा नव्या पिढीला ती कोण हे सांगावं लागलं.

दुर्गाबाई: कुणाच्याच नव्हत्या

दुर्गा खोटे यांची गोष्ट वेगळी पडते, कारण त्या नाटक कंपनीतून आल्या नव्हत्या. माहेरच्या विठा लाड, १४ जानेवारी १९०५चा जन्म, वडील सॉलिसिटर. मुंबईत कॅथीड्रल आणि सेंट झेवियर्समध्ये शिक्षण. लग्न झालं तेही खानदानी, सधन घरात. मग सासरची आर्थिक घडी विसकटली आणि दोन लहान मुलं पदरात असताना दुर्गाबाईंना मिळवायला बाहेर पडावं लागलं. शिकवण्या करून पाहिल्या. सिनेमा हा त्यानंतरचा उपाय होता.

पहिला चित्रपट ‘फरेबी जाल’ (१९३१). मूकपटाला एक बोलता तुकडा जोडायचा होता, त्यासाठी बाई हवी होती. चित्रपट टुकार निघाला. चांगल्या घरची सून असल्या सिनेमात, म्हणून गिरगावभर टीका झाली. गोष्ट तिथेच संपायची. पण शांताराम ‘अयोध्येचा राजा’साठी तारामतीच्या शोधात होते. ६ फेब्रुवारी १९३२ला हा मराठी बोलपट लागला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई तारामती. मराठी आणि हिंदी आवृत्ती बरोबरीनं चित्रित होत होती, म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदा, दोन भाषांत. ज्यांनी शिव्या घातल्या होत्या तेच आता कौतुक करू लागले.

इथून पुढे दुर्गाबाईंनी जे केलं ते त्या काळात फार थोड्यांना जमलं. त्या एका कंपनीच्या झाल्या नाहीत. ‘माया मच्छिंद्र’मध्ये (१९३२) बाजूला चित्ता बाळगणारी राणी झाल्या. मग थेट कोलकात्याला जाऊन न्यू थिएटर्ससाठी ‘राजरानी मीरा’ (१९३३) आणि देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सीता’ (१९३४) केला. पुन्हा प्रभातकडे येऊन ‘अमरज्योती’त (१९३६) समुद्री चाच्यांची पुढारीण सौदामिनी रंगवली. प्रत्येक कामाचे पैसे वेगळे, प्रत्येक करार वेगळा.

हे कसं जमलं? अभिनय होताच, पण एकट्या अभिनयावर हे होत नाही. सॉलिसिटराच्या घरात वाढलेली, इंग्रजी वाचणारी बाई मालकासमोर बसून करारपत्रातलं कलम न कलम वाचू शकत होती. मालक तिच्याशी ‘बाई, तुमचं म्हणणं काय’ असं बोलत. खेड्यातून किंवा तमाशा-नाटकाच्या फडातून आलेल्या मुलीला त्याच टेबलावर नुसती अंगठा उमटवायची जागा दाखवली जाई. दुर्गाबाईंचं मोठेपण याने कमी होत नाही. पण हा भाग वगळून त्यांची गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

त्यांनी वय लपवलं नाही, हेही महत्त्वाचं. नायिका संपली तेव्हा आई झाल्या, मग आजी. ‘मुघल-ए-आझम’मधली (१९६०) जोधाबाई सगळ्यांना आठवते. ‘बॉबी’तली (१९७३) आजीही. ‘बिदाई’साठी (१९७४) फिल्मफेअर मिळालं. मधल्या काळात मराठी रंगभूमीवर ‘राजमुकुट’ केला. शिरवाडकरांनी मॅकबेथवरून रचलेल्या त्या नाटकात महत्त्वाकांक्षी पत्नीची भूमिका दुर्गाबाईंची होती. १९५०च्या दशकात माहितीपट आणि जाहिरातपट बनवायचा स्वतःचा धंदा उभा केला. दूरदर्शनवर १९८८मध्ये ‘वागले की दुनिया’ पाहिलेल्यांना विचारून पाहा, निर्माती कोण होती? दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. १९८३चा फाळके पुरस्कार मिळाला, आणि ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र त्या मागे ठेवून गेल्या. भूमिकांच्या यादीपेक्षा घरखर्च, मुलं आणि माणसं यांच्याबद्दल ते जास्त बोलतं, म्हणून आजही वाचवतं.

फाटकावरची नायिका

शांता आपटे यांच्याकडे लाडांच्या घरचं पाठबळ नव्हतं. सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा जन्म, वडील रेल्वेत. पोरीचा गळा गोड म्हणून गणेशोत्सवातल्या मेळ्यांतून गाणं सुरू झालं, पंढरपुरात संगीत शिकली. थोरल्या भावानं, बाबूरावांनी, तिला सिनेमात आणलं आणि पुढे तिचे व्यवहारही तोच पाहायचा. भालजींच्या ‘श्यामसुंदर’मध्ये (१९३२) ती राधा झाली, शाहू मोडक कृष्ण. एकाच ठिकाणी पंचवीस आठवड्यांवर चाललेला हा चित्रपट. (शाहू मोडक नगरच्या ख्रिस्ती घरातले, आणि पुढे पडद्यावर इतक्या वेळा कृष्ण झाले की लोक त्यांच्या पाया पडत. तो लेख वेगळा.)

१९३४ला ‘अमृतमंथन’साठी ती प्रभातमध्ये आली आणि बोलपटातल्या गाण्याची रीतच तिनं बदलून टाकली. तोवर पडद्यावर गाणं म्हणजे मैफल असे. नटी एका जागी उभी राहायची, नजर शून्यात, आणि स्वर लावायची. गाताना चेहरा हलला तर सूर हलेल ही भीती. शांताबाईंनी गाताना डोळे फिरवले, मान वेळावली, हात बोलते केले. गाणं संवादासारखं झालं. आज हे इतकं साधं वाटतं की यात नवं काय, असा प्रश्न पडावा. त्या काळातले तिच्या आधीचे दोन-चार बोलपट लागोपाठ पाहिले की फरक डोळ्यांत भरतो.

‘कुंकू’ (१९३७) हे तिचं शिखर. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामांनी तो केला. हिंदीत ‘दुनिया न माने’. फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार होत नाही. आदळआपट नाही, विष पिणं नाही. ती फक्त नकार देते आणि त्या नकारावर ठाम राहते. केशवराव दातेंचे काकासाहेब आरशासमोर मिशा काळ्या करतात, भिंतीवरचं जुनं घड्याळ टोले देत राहतं, आणि त्या घरात पार्श्वसंगीत म्हणून एकही वाद्य वाजत नाही. ऐकू येतात ते घरातलेच आवाज. चित्रपटात नीरा लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा गाते. १९३७च्या पुण्यात एका मराठी नायिकेनं हे करायचं म्हणजे केवढं धाडस.

आता उपोषणाकडे परत. ‘कुंकू’ गाजला, शांताबाईंचं नाव देशभर झालं, दक्षिणेकडूनही विचारणा होऊ लागली. आणि त्या कंपनीला बांधलेल्या. करार सोडवून घ्यायचा तर कंपनी तयार हवी. कोर्टात जायचं तर विठ्ठलसारखं मागे दुसरं बडं घर उभं हवं. तिनं तिसरी वाट धरली आणि फाटकाशीच बसली. वर्तमानपत्रांना पर्वणी मिळाली. नटीचा नखरा म्हणून कुणी हसलं, कुणी टाळी वाजवली. पगारी माणसानं मालकाच्या दारात बसणं हे गिरण्यांच्या मुंबईला नवं नव्हतं. पण ‘तारका’ पगारी माणूसच आहे, हे एवढं चव्हाट्यावर पहिल्यांदाच आलं.

पुढच्याच वर्षी, १९४०मध्ये, तिनं एक पुस्तक लिहिलं. नाव ‘जाऊ मी सिनेमात?’. सिनेमात जाऊ पाहणाऱ्यांसाठी धंद्याची आतली बाजू तिनं मांडली. आत्मचरित्रं पुष्कळांनी लिहिली, पण ती निवृत्त झाल्यावर. ऐन भरात असताना आपल्याच धंद्यावर लिहिणारी नटी आपल्याकडे विरळाच.

प्रभात सुटल्यावर ती मद्रासकडे गेली. ‘सावित्री’ (१९४१) या तमिळ चित्रपटासाठी वर्षभर भाषा शिकली आणि स्वतःच्या आवाजात संवाद म्हणून गायलीही. त्यात नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. ‘कल्की’ या तमिळ साप्ताहिकाला भांडवल हवं होतं म्हणून त्यांनी ही भूमिका स्वीकारली होती. एका चित्रपटात हे दोन गळे!

त्यानंतरची वर्षं मात्र उताराची. चित्रपट मिळत गेले, पण नीरासारखी भूमिका पुन्हा मिळाली नाही. मोकळेपणाची ही किंमत होती. कंपनीत तिच्यासाठी कथा शोधणारे, चाली बांधणारे, तिचा चेहरा कोणत्या कोनातून घ्यायचा हे जाणणारे लोक होते. बाहेर फक्त निर्माते होते. २४ फेब्रुवारी १९६४ला मुंबईत अंधेरीला ती गेली, पन्नाशीही धड गाठली नव्हती. अभिनेत्री नयना आपटे ही तिची कन्या.

ज्यांना भूमिकेनंच बांधलं

विष्णुपंत पागनीस मूळचे चिकोडीचे. तरुणपणी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या, नंतर मुंबईत शाळेत गाणं शिकवणारे. ‘संत तुकाराम’साठी त्यांचं नाव पुढे आलं तेव्हा दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांना शंका होती. बायकी हालचालींची सवय असलेला माणूस तुकोबा कसा होणार? झाला, आणि असा झाला की १२ डिसेंबर १९३६ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागलेला चित्रपट एकाच ठिकाणी ५७ आठवडे चालला. व्हेनिसच्या १९३७च्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. खेड्यापाड्यांतून लोक बैलगाड्या जुंपून यायचे आणि पडद्यासमोर हात जोडायचे. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग तर लोकांनी तुकोबांचाच धरला, अजूनही धरतात.

माझ्या मते या चित्रपटाचं अर्धं यश गौरीचं आहे. तिची आवली संसाराला कावलेली, म्हशीवर आणि विठोबावर सारखीच करवादणारी. गौरी कंपनीत गर्दीतली किरकोळ कामं करत वर आलेली. तुकोबा आभाळाकडे पाहतात तेव्हा ती पोरांच्या ताटाकडे पाहते. ती नसती तर पागनीसांचा तुकोबा कॅलेंडरातला झाला असता.

कॅलेंडरात ते गेलेच शेवटी. लोक त्यांच्या छबीची पूजा करू लागले. मग निर्मात्यांना त्यांच्याकडून दुसरं काही नकोच झालं. ‘संत तुलसीदास’ (१९३९), ‘नरसी भगत’ (१९४०), एकामागून एक संत आणि भक्त. प्रभातचा करार सुटला, पण तुकोबांचा सुटला नाही. १९४३मध्ये ते गेले.

एक थप्पड, दोन आयुष्यं

ललिता पवार येवल्याच्या, मूळ नाव अंबा. पुण्याच्या एका मूकपट कंपनीत बालकलाकार म्हणून लागल्या तेव्हा पगार महिना १८ रुपये. १९३०च्या दशकात त्या नायिका होत्या, देखण्या, स्वतः गाणाऱ्या. भगवान पालव म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा, दादर-परळमध्ये वाढलेला. व्यायामानं कमावलेलं शरीर आणि सिनेमाचं वेड घेऊन स्टंटपटांत शिरलेला.

१९४२ला ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रणात भगवाननं ललिताबाईंना थोबाडीत मारायची होती. ती खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याची शीर दुखावली. तीन वर्षं औषधपाणी चाललं आणि डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेचा चेहरा गेला. नुकसानभरपाई, विमा, कामावरचा अपघात हे शब्द तेव्हा सेटवर कुणाच्या तोंडी नसत.

ललिताबाईंनी त्याच डोळ्याचं हत्यार केलं. प्रभातच्या ‘रामशास्त्री’त (१९४४) त्या आनंदीबाई झाल्या. मग सासूच्या भूमिका आल्या, आणि तो एक डोळा बारीक करून बघणं म्हणजे घराघरात ‘खाष्ट सासू’चं चिन्ह झालं. पण त्यांना तेवढ्यावर निकालात काढणाऱ्यांनी ‘श्री ४२०’मधली (१९५५) केळेवाली आणि ‘अनाडी’तल्या (१९५९) मिसेस डिसा पाहाव्यात. मिसेस डिसा वरून फणस आणि आतून गरा. त्या भूमिकेनं त्यांना फिल्मफेअर दिलं. १९८७मध्ये ‘रामायण’ मालिकेत त्यांची मंथरा आली तेव्हा लहान मुलंही त्यांना ओळखू लागली. १९९८मध्ये पुण्यात औंधच्या घरी त्या गेल्या.

भगवान उलट्या दिशेनं गेला. तो कुणाचा पगारी राहिला नाही, स्वतःच मालक झाला. जागृती पिक्चर्स काढली, चेंबूरला स्टुडिओ उभारला. स्वस्तातले मारामारीचे चित्रपट गिरणगावात हमखास चालायचे. मग सामाजिक चित्रपट काढावा असा राज कपूरनं सल्ला दिला आणि १९५१मध्ये ‘अलबेला’ आला. गीता बाली नायिका, संगीत सी. रामचंद्रांचं. बुटका, जाडसर, सर्वसामान्य दिसणारा नायक कमीत कमी हालचालींत असा काही नाचला की लोक पडद्यावर पैसे फेकत. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आला, आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक अशा सात मोटारी आल्या.

पुढचे चित्रपट त्यानं स्वतःच्याच पैशांवर काढले आणि ते चालले नाहीत. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. भगवानदादा दादरच्या चाळीत परत आले आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांत दोन मिनिटांच्या नाचाला उभे राहू लागले. पगारी नटाला मालक लुबाडतो हे खरं. पण चित्रपट पडला की पगारी नटाचं घर विकलं जात नाही, हेही खरं. भगवानदादांच्या आयुष्यातला दारिद्र्याचा भाग चवीनं सांगितला जातो. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी दुसरी गोष्ट मला अधिक जवळची वाटते. विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर थांबायची, बँड ‘अलबेला’ची चाल धरायचा आणि म्हातारा खाली उतरून दोन पावलं नाचायचा. २००२मध्ये ते वारले.

ही पद्धत मोडली कशी

दुसऱ्या महायुद्धानं बाजारात पैसा ओतला. युद्धाच्या ठेक्यांवर गबर झालेल्यांना तो कुठेतरी जिरवायचा होता. असा माणूस स्टुडिओ बांधत बसत नाही. तो भाड्याचा मजला घेतो, नावाजलेला नट उचलतो आणि एका चित्रपटाचे एवढे पैसे देतो की कंपनीचा वर्षाचा पगार त्यापुढे फिका पडावा. नट फुटले. त्यात पार्श्वगायनानं भर घातली. १९३५नंतर दुसऱ्याच्या आवाजात गाणं शक्य झालं तसं गळा नसलेले देखणे चेहरे नायक-नायिका होऊ लागले. शांता आपटेंसारख्या गायक-नटांचं जे खास भांडवल होतं, ते दहा वर्षांत बाजारातून उठलं.

प्रभातमधून शांताराम १९४२ला बाहेर पडले आणि परळला राजकमल स्टुडिओ उभारला. कंपनी त्यातून सावरली नाही. तरी तिच्या शेवटच्या पगारी मंडळींत दोन तरुण होते. एक तीन वर्षांच्या करारावर नृत्य आणि दिग्दर्शनात मदत करणारा गुरुदत्त, दुसरा ‘हम एक हैं’मधून (१९४६) आलेला देव आनंद. परटाकडून शर्टांची अदलाबदल झाली आणि त्यावरून ओळख, ही गोष्ट देव आनंद आयुष्यभर सांगत राहिला. पुढे ‘बाजी’ (१९५१) देवच्या नवकेतन या कंपनीचा आणि दिग्दर्शन गुरुदत्तचं. तोवर दोघंही स्वतःचे मालक होते. प्रभात १९५३मध्ये बंद झाली.

आज काय पाहायला मिळतं

प्रभातच्या जागेवर १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तो जुना प्रचंड स्टुडिओ अजून वापरात आहे. ८ जानेवारी २००३ला त्याच आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठारात आग लागली. जुनी नायट्रेट फिल्म स्फोटकासारखी पेटते. प्रभातच्या चित्रपटांसह हजारो रिळं काही तासांत गेली. इतर प्रती असल्यानं ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’ वाचले. ‘आलमआरा’ची एकही प्रत मात्र कुठेच उरलेली नाही. जिनांनी ज्याच्यासाठी वकिली केली तो बोलता विठ्ठल आता फक्त काही छायाचित्रांत दिसतो, अर्थातच मूक.

‘कुंकू’ सहज मिळतो. पहिल्यांदा पाहणार असाल तर एक सुचवतो. नीरा गाऊ लागली की आवाज बंद करून अर्धा मिनिट नुसतं पाहा. आवाज नसतानाही गाण्यात काय चाललंय ते कळतं. डोळे आधी उचलतात, मग मान, मग हात. मग आवाज पुन्हा सुरू करा.